एक चाळीसची नोंद

मनगट मोडलेला माणूस मूठ उघडायला तयार नाही, असं एक्स-रे विभागात त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

“काका, बोटं सरळ करा,” एक्स-रे काढणाऱ्या बाई म्हणाल्या.

“नाही करणार.”

“फार दुखतंय का?”

“दुखणारच की हो, हात मोडलाय. पण मूठ उघडली की ते कोमेजेल.”

बाहेर बाकावर अजून अकरा माणसं खोळंबली होती. बाईंनी वाद घातला नाही. मुठीसकट हात टेबलावर नीट ठेवला, काचेमागे जाऊन बटण दाबलं आणि फिल्म घेऊन डार्करूममध्ये शिरल्या. लाल दिव्याखाली आधी मनगटाचं तडकलेलं हाड उमटलं, मग बोटांची पेरं, आणि त्या पेरांच्या मधून गेलेली असेल-नसेल अशी एक रेघ. केसाएवढी. नोकरीच्या दहा वर्षांत बाईंनी माणसांच्या पोटात बटणं पाहिली होती, सुया पाहिल्या होत्या, एकदा तर कपाटाची आख्खी चावी पाहिली होती. मुठीतलं फूल कधी पाहिलं नव्हतं.

फिल्म दाखवली तर म्हाताऱ्याने आपल्या हाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “देठ आलंय की!” तो म्हणाला. “बाई, पाकळ्या मोजता येतील का हो यात?”

हे सर. कॉलेजात पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि शहराबाहेरच्या पठारावर एका फुलासाठी वाकताना घसरलेले. प्लास्टर उतरेपर्यंत ते दर आठवड्याला हॉस्पिटलात आले आणि दर खेपेला एक्स-रेच्या खिडकीशी थांबले. खिशातून भिंग काढायचे, कागदाची पुडी उलगडायची आणि म्हणायचं, “नाव विचारू नका. आधी मोजा.”

बाई मोजायला लागल्या, आणि एकदा लागल्या त्या लागल्याच.

तोवर त्यांचं आयुष्य तळघरात गेलं होतं. सकाळी जिना उतरायचा, संध्याकाळी चढायचा. मधल्या वेळात “श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा” हे दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायचं. ते इतकं तोंडात बसलं होतं की घरी मुलाला औषध पाजतानाही तेच निघायचं, आणि मुलगा श्वास धरून बसायचा. पुढे कुणी विचारलं की फुलांचं वेड कसं लागलं, तर बाई सांगायच्या, “मला ऊन हवं होतं हो. फुलं नंतर आली.”

हॉस्पिटलच्या फोटोग्राफरने म्हातारपणी काम सोडलं तेव्हा त्याचा कॅमेरा बाईंनी घेतला. डार्करूमचं काम हातातलंच होतं, त्यामुळे फिल्म धुणं, छापणं सगळं घरच्या न्हाणीघरात. शिकायचं होतं ते फक्त पालथं पडायला. नखाएवढ्या फुलाचा फोटो उभ्याने निघत नाही, पोटावर झोपावं लागतं, वारा थांबेपर्यंत निपचित. एका रविवारी पठारावर गुरं चारणाऱ्या एकाने त्यांना तसं पाहिलं आणि बाई मेली म्हणून तो खालच्या वस्तीतून चार माणसं घेऊन आला. चौघं धापा टाकत पोचले, तेव्हा प्रेत मान न उचलता म्हणालं, “जरा बाजूला व्हा, सावली पडतेय.”

ही गोष्ट बाईंच्या चाळीत पसरली. शेजारच्या काकूंनी त्या दिवशीचा फोटो मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, “अगं, हे तर गवत!” तेव्हापासून बाई गवतबाई झाल्या. हॉस्पिटलातही तेच नाव पोचलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. उलट, चूक काढायचीच तर ते गवत नसून लव्हाळ्याच्या जातीतलं होतं, एवढंच त्या काकूंना सांगून आल्या.

बाईंचे यजमान टाइपरायटर दुरुस्त करत. त्यांना सगळे टाइपवाले म्हणत. जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, तेलाचा वास, पितळी ब्रश, अक्षरांचे खिळे काढलेली मशीनं. कचेऱ्यांमधून कॉम्प्युटर येऊ लागले तसं काम आटलं, पण टाइपवाल्यांची जीभ काही आटली नाही. पठारावर ते एकदाही गेले नाहीत. “देवाने दिलेलं छप्पर सोडून उन्हात पालथं पडायला मी काय वेडा आहे? घरात एक पुरे.” पण रविवारी संध्याकाळी जेवणं उरकली की ते स्वतःहून टेबल पुसायचे, आपलं आवडतं मशीन वर आणून ठेवायचे आणि पुठ्ठ्याची कार्डं कापून बसायचे.

“हं, बोला सरकार. आज काय जन्माला आलं?”

बाई वहीतून वाचायच्या आणि टाइपवाले टाइप करायचे. फुलाचं नाव, जागा, जमीन कशी, पाकळ्या किती, तारीख, वेळ. लॅटिन नावं आली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. “हे नाव आहे की शिवी? एवढुसं तर फूल. नाकापेक्षा मोती जड!” पण एक अक्षर चुकलं तर आख्खं कार्ड फाडून नवं घ्यायचे. बाईंचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, त्यामुळे वाचायला त्याच लागत. नवरा-बायको असं समोरासमोर बसून दोन-दोन तास एकच काम करताहेत, हे त्या चाळीत दुसऱ्या कुठल्या घरी दिसत नव्हतं. मुलगा पलीकडे अभ्यास करत असे. त्याला त्या टकटकीत झोप छान लागायची.

वेळ लिहायची शिस्त सरांची. कुठलं फूल सकाळी उमलतं, कुठलं दुपारी मिटतं, ते वेळेवाचून कळत नाही. “अर्धी नोंद म्हणजे खोटी नोंद,” सर म्हणायचे. बाईंच्या वहीत पंधरा वर्षांत एकही नोंद वेळेशिवायची नव्हती.

आणि एक फूल होतं, ज्याची बाईंच्या वहीत नोंदच नव्हती. सर त्याला पाहुणी म्हणत. जमिनीत कंद, वर एकच पान, आणि वर्षाकाठी कसंबसं चार दिवस राहणारं पांढरं फूल, आतून गळ्याशी जांभळी झाक. सरांनी तरुणपणी याच पठारावर ते पाहिलं होतं. त्यानंतर कुणालाच दिसलं नव्हतं. जगात दुसरीकडे ते असल्याचं कुठल्या पुस्तकात नव्हतं. सरांचे गुडघे गेले, ते मुलीकडे राहायला गेले आणि शोधायचं काम बाईंकडे आलं. पावसाळा सरता सरता तीन-चार रविवार बाई तेवढ्यासाठी पठार पालथं घालायच्या. अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी ते सापडलं.

बाई सकाळी सातच्या बसने गेल्या होत्या. बारा वाजून गेले तेव्हा पठाराच्या पूर्वेच्या कडेला, दोन खडकांच्या बेचक्यात, साचलेल्या मातीत त्यांना पान दिसलं. मग फूल. मग शेजारी आणखी पाच. बाई गुडघ्यांवर बसल्या. रडू आलं नाही, हसू आलं नाही, फक्त सहाही रोपं त्यांनी पुन्हा पुन्हा मोजली. फुलं अर्धी मिटलेली होती. उमलताहेत की मिटताहेत, ते कळत नव्हतं. ते कळायचं तर थांबायला हवं होतं. परतीची बस एकची. त्यानंतरची साडेतीनची.

बाईंनी एकची बस सोडली.

खालच्या रस्त्यावर ती थांबलेली त्यांनी वरून पाहिली, निघून जाताना पाहिली, आणि पुन्हा पोटावर झोपल्या. फुलं उमलत होती. दीडच्या सुमाराला वारा पडला. पहिला फोटो काढून त्यांनी वहीत वेळ लिहिली, दुपारी एक चाळीस. नंतर आख्खा रोल संपवला. त्या अडीच तासांत त्या जितक्या सुखात होत्या तितक्या आधी कधी नव्हत्या, आणि हेच त्यांना पुढे सगळ्यांत जास्त टोचत राहिलं.

पाच वाजता जिना चढतानाच त्या ओरडल्या, “अहो, सापडली! पाहुणी सापडली!” दार लोटून आत आल्या तरी बोलतच होत्या.

टाइपवाले टेबल आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर पडले होते. डोळे उघडे होते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. मशीनमध्ये मागच्या आठवड्याचं राहिलेलं कार्ड अर्धवट टाइप झालेलं, शेवटच्या ओळीत एकच अक्षर अकरा वेळा.

“बारा वाजेपर्यंत टकटक ऐकत होते गं मी,” काकू रडत सांगत होत्या. “मग थांबली. म्हटलं, जेवायला बसले असतील.”

दुसऱ्या दिवशी मेंदूचा स्कॅन झाला तेव्हा त्यांना टेबलावर बाईंनीच घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टर यायच्या आधी डाव्या बाजूचा काळा डाग त्यांनी स्वतःच वाचला. मोठे डॉक्टर वीस वर्षं ओळखीचे. बाईंनी त्यांना दारातच गाठलं.

“डॉक्टर, अडीच तास आधी आणलं असतं तर?”

“बाई, असले प्रश्न विचारू नयेत. तुम्हाला माहीत आहे.”

“विचारतेय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “फरक पडला असता. किती, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.”

मुलगा तेव्हा दुसऱ्या गावी शिकत होता. सकाळच्या गाडीने आला, बापाजवळ बराच वेळ बसला, मग आईकडे वळला.

“फुलं बघायला गेली होतीस ना?”

“हो.”

“आणि आलीस कधी?”

“बस साडेतीनची होती,” बाई म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं. साडेतीनची बस होतीच. पण सरांच्या हिशेबाने ती अर्धी नोंद होती, आणि बाईंनी ती गिळली, ती सहा वर्षं त्यांच्या घशात अडकून राहिली.

टाइपवाले वाचले, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. चाळीत सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, “अगं”. पाणी हवं असलं तरी अगं, पाठ दुखली तरी अगं, रेडिओवर कुणी विनोद केला तरी अगं. बाईंना त्यांतले बारीक फरक कळायला लागले. कुठलं अगं अंथरूण सरळ करायचं, कुठलं नुसतंच हाक मारल्याचं. त्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली. अंग पुसणं, कूस बदलणं, भात मऊ कालवून भरवणं, डावा हात धरून चार पावलं चालवणं, यात दिवस कसा उगवायचा आणि मावळायचा ते कळत नसे. कॅमेरा त्यांनी रोलसकट कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकला. रोल धुतला नाही. पठाराकडे फिरकल्या नाहीत. लोक म्हणत, गवतबाईंसारखी सेवा कुणी करणार नाही. असं कुणी म्हटलं की बाई उठून आत जात.

मुलगा वाईट वागला, असं कुणी म्हणणार नाही. नोकरीला लागला, लग्न केलं, महिन्यातून एकदा यायचा. बापाची दाढी करायचा, नळ-दिवे बघायचा. आईशी बोलायचा ते औषधांचं. “गोळ्या आहेत ना?” “आहेत.” “बरं.” दोघांच्या मधे कसला तरी पडदा होता आणि दोघंही तो हलू देत नव्हते.

दोन वर्षांनी सरांच्या मुलीचा निरोप आला की सर फार दिवस काढत नाहीत, तुमचं नाव घेतात. काकूंना घरी बसवून बाई तासाभरासाठी गेल्या. सर अंथरुणात पार आक्रसून गेले होते. डोळ्यांना दिसत नव्हतं. पण आवाज ओळखला.

“बाई, पाहुणी दिसली का हो?”

बाईंच्या ओठांवर आलं होतं. सहा रोपं, सर. बेचक्यात. दुपारी उमलते. पण पाहुणीचं नाव काढलं की तारीख निघणार, तारीख निघाली की वेळ निघणार. आणि सरांची मुलगी उशाशी उभी होती. तिची आणि बाईंच्या मुलाची ओळख होती.

“नाही, सर.”

सरांनी उशीवरची मान पलीकडे वळवली. मग म्हणाले, “म्हणजे मीच घालवली ती. त्या वेळी दोन रोपं मुळासकट उपटली होती हो मी, नमुना म्हणून. दोनच होती. तेव्हा कळलं नाही. तरुण होतो.”

“तसं नसेल, सर.”

“तसंच आहे. वर पोचलो की माफी मागेन. आहे कुठे पण ती, मागायला?” आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. खोकला लागला. मुलीने पाणी पाजलं.

आठवड्याने सर गेले. एका शब्दात त्यांच्या छातीवरचा दगड उतरला असता, आणि तो शब्द बाईंनी तोंडातून काढला नाही. त्या दिवशी टाइपवाल्यांना भरवताना बाईंचं लक्ष घासाकडे नव्हतं, भात सांडला. टाइपवाल्यांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. “अगं?” त्यांनी विचारलं. हे विचारल्याचं अगं होतं. बाई म्हणाल्या, “काही नाही हो. सर गेले.”

पाचव्या वर्षी पेपरात छोटी बातमी आली. पठाराच्या पूर्वेकडच्या भागात दगडाची खाण निघणार होती. वनस्पती खात्याने पाहणी केली होती आणि तिथे जपण्यासारखं काही नाही असा अहवाल दिला होता. एक दुर्मीळ कंद पूर्वी नोंदला गेला होता, पण तो नामशेष झाला असावा. बाईंनी ही बातमी सवयीने मोठ्याने वाचायला घेतली होती, टाइपवाल्यांना रोज पेपर वाचून दाखवत तशी. मधेच थांबल्या. पान उलटलं आणि हवामान वाचायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी हातपाय हलवले असते, एक पत्र टाकलं असतं, तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. त्यांनी पत्र टाकलं नाही. खाण सुरू झाली.

आणखी वर्षभराने वनस्पती खात्यातल्या एक संशोधिका दार ठोठावून आल्या. पन्नाशीच्या, पिकल्या केसांच्या, पायांत चिखलाचे बूट. त्या सरांच्या विद्यार्थिनी होत्या. सरांच्या वह्या त्यांच्याकडे आल्या होत्या आणि शेवटच्या वहीत पानोपानी ‘गवतबाईंना विचारणे’ असं लिहिलं होतं.

“तो अहवाल घाईत झाला. मला कधीच पटला नव्हता,” त्या म्हणाल्या. “खाण आता पुढे सरकवायचं चाललंय. अर्धं पठार अजून शिल्लक आहे. तुम्ही पंधरा वर्षं तिथे हिंडलात. पाहुणी खरंच दिसली नाही?”

टाइपवाले खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“मला आठ दिवस द्या,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाइपवाल्यांचे केस धुवायला घेतले. डोकं मागे टेकवलेलं, डोळे मिटलेले. तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं म्हणून बोलता आलं.

“अहो, त्या दिवशी एकची बस होती. मी ती सोडली. मुद्दाम सोडली. ती धरली असती तर अडीचला घरी आले असते. तुम्ही तिथे पडला होतात आणि मी फुलं उमलायची वाट बघत होते.”

पाणी ओतायचं थांबलं होतं. टाइपवाल्यांनी डोळे उघडले. वर, उलटे, बाईंकडे बघत राहिले.

“अगं,” ते म्हणाले.

सहा वर्षांत बाईंना त्या शब्दाचे सगळे फरक कळायला लागले होते. हा नवीन होता. त्यात राग होता, की कीव होती, की हे मला माहीतच होतं असं होतं, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, “काय म्हणालात?” पण टाइपवाल्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी केस धुऊन, पुसून, भांग पाडून दिला. दुपारी ते नेहमीसारखे जेवले.

रविवारी मुलगा आला. बापाची दाढी झाली, साबणाचं भांडं धुऊन ठेवलं, तेव्हा बाईंनी वही त्याच्यासमोर उघडली आणि एक चाळीसच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मुलाने वाचलं. वही मिटली.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“दुसऱ्याच महिन्यात मी तिथे गेलो होतो. असं काय आहे तिथे, ते बघायला. बसवाल्याला विचारलं, दुपारी गाड्या कधी असतात. तो म्हणाला, एक आणि साडेतीन.”

बाईंनी वही जवळ ओढली. “मग बोलला का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून.” त्याचा आवाज चढला नव्हता. “दर महिन्याला इथे येताना वाटायचं, आज सांगेल. नंतर वाटायचं बंद झालं. चूक कुणाचीही होते, आई. बस चुकते, माणूस थांबतो. पण तू मला सहा वर्षं औषधांच्या गोळ्या मोजायला लावल्यास.”

“तू मला माफ केलं नसतंस.”

“नसतं केलं. भांडलो असतो. आरडाओरडा केला असता. ते तरी झालं असतं.”

खिडकीशी टाइपवाले मान वळवायचा प्रयत्न करत होते. मुलगा उठला, त्यांची खुर्ची आत वळवली आणि त्यांच्या पायाशी बसून राहिला. जाताना तो आईच्या पाया पडला नाही, की तिला जवळही घेतलं नाही. दारात म्हणाला, “रोल धुतलास का?”

“नाही.”

“धू.”

रोल बाईंनी न्हाणीघरात धुतला. सहा वर्षं पेटीत पडलेली फिल्म, धुरकटणार हे त्यांना ठाऊक होतं. छत्तीस फोटोंपैकी तीस नुसते राखाडी निघाले. सहांत फुलं दिसत होती. एकात तर गळ्याची गडद झाक आणि पाकळीवरची शीरही दिसत होती. ओला फोटो त्यांनी टाइपवाल्यांसमोर धरला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. मग डाव्या हाताचं एक बोट मांडीवर आपटायला लागले, एकदा, पुन्हा एकदा, खिळे मारल्यासारखं. बाईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी टेबल पुसलं, जिन्याखालून मशीन काकूंच्या मदतीने वर आणलं आणि कार्ड लावून त्यांच्या हाताशी ठेवलं. एका बोटाने कार्ड पुरं व्हायला दोन दिवस लागले. लॅटिन नावात तीन चुका होत्या. बाईंनी ते कार्ड फाडलं नाही.

संशोधिका फोटो, वही, कार्ड सगळं घेऊन गेल्या. वहीत बाईंनी पावलं मोजून जागा लिहिली होती. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि बराच वेळ चपलाच काढेनात.

“जागा सापडली,” त्या म्हणाल्या. “पण तिथे खाण आहे.”

फोटोंमुळे खाण पुढे सरकायची थांबली. उरलेलं अर्धं पठार राखीव झालं. खात्याच्या पत्रिकेत पाहुणीची नोंद छापून आली, बाईंच्या नावाने, तारखेसकट, वेळेसकट. चाळीत काकूंनी ती पत्रिका घरोघर दाखवली. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी संशोधिका आपली माणसं घेऊन उरलेलं पठार इंचइंच शोधून आल्या, आणि एकही पान मिळालं नाही. बाई टाइपवाल्यांना सोडून जाऊ शकत नव्हत्या. त्या नुसत्या विचारत. उत्तर तेच असे.

टाइपवाले त्याच हिवाळ्यात गेले. सकाळी चहा पिऊन डोळा लागला तो लागलाच. सात वर्षांत बाईंच्या अंगात त्यांना उचलायची जी सवय मुरली होती, ती पुढे कित्येक महिने गेली नाही. बसल्या बसल्या हात पुढे व्हायचे. घर इतकं गप्प झालं की काकूंचा रेडिओ भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू यायला लागला.

मुलगा येत राहिला. आता बोलायला गोळ्याही उरल्या नव्हत्या. कधी तो पेपर वाचायचा, बाई भाजी निवडायच्या. एकदा पावसाळा संपत आलेला असताना तो अवचित म्हणाला, “चल, तुला पठारावर नेतो. गाडी आणली आहे.”

नको नको म्हणत बाई गेल्या. आठ वर्षांनी. खालून वर जायला आता खाणीचा रुंद रस्ता झाला होता, त्यामुळे गाडी जवळजवळ कडेपर्यंत गेली. उरलेल्या बाजूला फुलं होती, पिवळी, निळी, नेहमीची. बाईंनी त्यांची नावं मनात म्हटली, एकही विसरल्या नव्हत्या. मग दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले. पुढे जमीन सरळ तुटली होती. खाली चौकोनी कापलेला खड्डा आणि तळाला हिरवट पाणी.

“कुठे होतीस तू?” मुलाने विचारलं.

बाईंनी सवयीने खाली बोट दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात हळूहळू वर नेला आणि समोर, खड्ड्याच्या मधोमध, नुसत्या हवेत एक जागा दाखवली.

“तिथे,” त्या म्हणाल्या. “तिथे खडक होते दोन. त्यांच्या मधे.”

मुलगा त्या रिकाम्या जागेकडे डोळे बारीक करून बघत राहिला, जणू अजून थोडं बघितलं तर काहीतरी दिसेल. वारा सुटला होता. बाईंचा पदर कुंपणाच्या तारेत अडकला, तो त्याने सोडवून दिला.

“थांबायचंय अजून?” त्याने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “चल, जाऊ.”